निंदणीकरण

मंडळी, गेला महिनाभर इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण तब्येत नव्हे. (पुण्याहून दोघींचे काळजीचे फोन येऊन गेले, म्हणून आधीच सांगून टाकते.) मी पंधरा-वीस दिवस दुसऱ्यांची जुनी पत्रं वाचत बसले होते. चोरून नाही हो, संस्थेच्या सांगण्यावरून.

झालं असं. ज्या शिक्षण संस्थेत मी पस्तीस वर्षं नोकरी केली, तिचं मुख्य कार्यालय अमरावतीला आणि शाळा अमरावती-अकोला पट्ट्यात पसरलेल्या. संस्थेचा ई-मेल आजवर कार्यालयातल्याच एका संगणकावर चालायचा. तो संगणक आता म्हातारा झाला, म्हणून सगळा पत्रव्यवहार उचलून बाहेरच्या, भाड्याच्या सर्व्हरवर न्यायचं ठरलं. तिथे जागेच्या हिशोबाने पैसे, म्हणून आधी साफसफाई. आपापल्या खात्यातली पत्रं ज्याने त्याने पाहावीत. अडलं ते सामायिक फोल्डरांपाशी. म्हणजे एकट्याच्या मालकीचे नाहीत, शाळेतल्या चार-पाच जणांनी मिळून वापरायचे, ते. असे एकशे बारा निघाले. त्यातल्या एकोणसत्तरांवर 'दोन वर्षांत वापर नाही' असा शेरा पडला आणि परिपत्रक निघालं, की पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर हे काढून टाकण्यात येतील.

आता हरकत घेणार कोण? परिपत्रक गेलं आज नोकरीत असलेल्यांना. ज्यांनी ते फोल्डर भरले, त्यातले निम्मे निवृत्त, काही मुलांकडे पुण्या-बंगलोरला, काही देवाघरी. पंधरा दिवसांत एकही हरकत आली नाही, हे वेगळं सांगायला नको.

नशीब असं, की संगणक सांभाळणारा मुलगा अकोल्याच्या शाळेतला, माझ्याच वर्गातला निघाला. त्याचा फोन आला. "बाई, तुम्ही एकदा येऊन पाहून घ्या न. मले तं त्यातलं काईच समजत नाई, अन् उडवाचं म्हटलं तं भेव लागते." मला त्याचं हे भेव फार आवडलं. ज्याच्या हातात पुसायचं बटण आहे त्याला थोडं भेव असायलाच हवं.

सरकारी मराठीला आपण पुष्कळ हसतो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे. पण त्या भाषेत एक शब्द मला पहिल्यापासून आवडतो तो म्हणजे निंदणीकरण. जुन्या अभिलेखांतले मुदत संपलेले कागद वेगळे काढून नष्ट करायचे, त्याला आपल्या कार्यालयांत 'अभिलेखांचं निंदणीकरण' म्हणतात. ज्याने हा शब्द घडवला तो नक्की शेतकऱ्याच्या घरातला असणार. आपल्या वऱ्हाडात निंदण काय असतं हे कोणाला सांगावं लागत नाही. पाऊस पडला, पऱ्हाटी वीतभर झाली की डवरा फिरतो, आणि डवऱ्याला जे साधत नाही ते बाया ओळीने बसून विळ्याने काढतात. डवरा दोन ओळींमधलं काढतो. झाडाच्या बुडाशी असलेलं गवत मात्र माणसानेच बसून, पाहून काढायचं. लहानपणी मी आजीबरोबर जायची तेव्हा अजून एक गंमत पाहिली होती. त्या बाया निंदता निंदता तरोटा, चिवळ, केना वेगळा काढून ओच्यात टाकायच्या. शेतमालकाच्या लेखी ते तण. त्यांच्या घरी ती संध्याकाळची भाजी.

तेव्हा निंदण नको असं मी म्हणत नाही. निंदलं नाही तर पीक हातचं जातं. जी माणसं काहीच टाकू देत नाहीत त्यांच्या घरी मी गेलेली आहे (आमच्याच घरात एक आहेत, नाव घेत नाही, प्लॅस्टिकच्या पिशव्यांची घडी घालून गादीखाली ठेवतात). माझं म्हणणं डवरा कुठे आणि विळा कुठे, एवढ्यापुरतंच आहे. आणि हे म्हणण्याचा मला हक्क आहे, कारण मी एकदा पऱ्हाटी उपटलेली आहे.

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अकोल्याच्या शाळेत तेव्हा मी पर्यवेक्षिका होते आणि रेकॉर्डची खोली माझ्याकडे दिलेली होती. अकोल्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. त्या पत्र्याच्या खोलीत वाळवी लागलेले गठ्ठे, वर पंखा नाही. दोन शिपाई, एक बाबू आणि मी असे चौघांनी तीन दिवसांत खोली रिकामी केली. दाखल-खारीज रजिस्टरं अर्थातच ठेवली, ती कायमची असतात. पण त्याखालचे प्रवेश-अर्जांचे गठ्ठे, पन्नास आणि साठच्या दशकांतले, मुदत कधीच संपलेली होती म्हणून रद्दीत दिले. चारशे-काही रुपये आले. त्यात शाळेसाठी दोन रांजण घेतले, आणि मुख्याध्यापकांनी सभेत माझं नाव घेऊन कौतुक केलं.

दोन हजार चार साली एक गृहस्थ आले. मुलीची जात पडताळणी अडली होती. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्यांचे वडील आमच्या शाळेत १९५८ साली दाखल झालेले. रजिस्टर काढलं. नाव होतं, जन्मतारीख होती, आणि जातीच्या रकान्यात कोणीतरी नुसतं 'हिंदू' लिहून ठेवलं होतं. त्या वर्षीच्या पानावर सगळ्यांनाच तसं. ते गृहस्थ मला म्हणाले, "बाई, तवा अर्ज भरून घेत होते न, बाबानं अंगठा लावलेला? त्यात असन." असणारच होतं. अर्जात जातीचा रकाना भरलेला असायचा, गठ्ठे बांधताना माझ्या डोळ्यांनी पाहिलेला. मी त्यांना म्हटलं, कोतवाल बुकाची नक्कल काढून पाहा. ते बरं म्हणाले आणि गेले. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. विचारायला मी गेलेही नाही.

नियमाने मी कुठेही चुकले नव्हते. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

तर या पार्श्वभूमीवर मी त्या मुलाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, हे 'वापर नाही' कसं रे ठरवलं? तो प्रामाणिक मुलगा आहे, म्हणाला, "बाई, त्या फोल्डरात शेवटचं पत्र कधी आलं ते पाहिलं." म्हणजे बघा! नवं पत्र कधी आलं याची तारीख सर्व्हर ठेवतो. कोणी येऊन जुनं पत्र वाचून गेलं तर त्याची तारीख तो ठेवत नाही. ज्या कपाटात नवं पुस्तक आलं नाही ते कपाट कोणी वाचत नाही, असं म्हणण्यासारखं आहे हे. आमच्या एका शाळेतली बाबू मुलगी तर दर जूनमध्ये त्या एकोणसत्तरांतला एक फोल्डर उघडून जुन्या दाखल्यांचा नमुना पाहत होती. तिला परिपत्रकातल्या यादीत तो ओळखू आला नाही.

का ओळखू आला नाही, तेही ऐकण्यासारखं आहे. आमच्या लोकांनी फोल्डरांना मराठी नावं दिलेली. पण ई-मेलच्या सर्व्हरची ती पद्धत फार जुनी, इंग्रजी अक्षरांपुरती. देवनागरी नाव दिलं की आत ते रोमन अक्षरांच्या गुंत्यात बदलून साठवलं जातं. आधी 'आणि'चं ते इंग्रजी वेटोळं चिन्ह, मग अर्थहीन अक्षरं, शेवटी एक आडवी रेघ. आपण नेहमीच्या खिडकीतून पाहतो तेव्हा ते उलगडून मराठीत दिसतं. या मुलाने यादी काढली ती सर्व्हरच्या पोटातून, त्यामुळे मराठी नावाचा प्रत्येक फोल्डर त्याला कचऱ्यासारखा दिसला. त्याला वाटलं व्हायरसने केलेत. इंग्रजीत 'ओल्ड' किंवा 'टेस्ट' नाव असलेले त्याने निदान उघडून तरी पाहिले होते. 'पेन्शन प्रकरणे' हे सरळ मराठी नाव असलेला मात्र यादीत सगळ्यात आधी मरणाच्या रांगेत. मराठी माध्यमाच्या शाळांची संस्था आहे हो आमची!

आणि आत उघडावं तर दुसरा पेच. दोन हजार दहाच्या आधीची बरीचशी जोडपत्रं त्या जुन्या फॉन्टांत. श्रीलिपी, कृतिदेव, ज्याच्या त्याच्या संगणकात जे असेल ते. तो फॉन्ट नसला की पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. शोधाच्या चौकटीत 'मंजुरी' असा शब्द टाकला तर एकही पत्र सापडत नाही, आणि समोर तर मंजुरीची दोनशे पत्रं पडलेली आहेत. न सापडलेलं म्हणजे नसलेलं असा आजकाल समज आहे.

मला तेव्हा २०२३ सालची आठवण झाली. त्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला. आधी मराठवाड्यापुरती, मग सगळ्या राज्यासाठी. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. घरातच दोन मतं आहेत. पण त्या शोधात काय काय उघडलं गेलं ते पाहा : शाळांची प्रवेश रजिस्टरं, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, तुरुंगाचे आणि पोलिसांचे जुने कागद. यातलं काही कोणी पन्नास-साठ वर्षांत उघडलं नसेल. आणि बरंचसं मोडीत, म्हणून मोडी वाचणारे शोधत फिरावं लागलं. 'दोन वर्षांत वापर नाही' हा डवरा तेव्हाच्या कोणा कारकुनाने चालवला असता तर? आमचे ते श्रीलिपीतले कागद म्हणजे उद्याची मोडीच आहे.

खरं तर वऱ्हाडाच्या माणसाला दप्तर हलवणं नवं नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. अगदी अलीकडे, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा निघाला, तेव्हा वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके गेले आणि त्यांच्याबरोबर फायलींची वाटणी आली. आजही आजोबांच्या शेताचा कागद शोधणारा माणूस या सगळ्या राजवटींतून मागे मागे जातो. आता २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल एनआयसीच्या यंत्रणेवरून झोहोकडे हलवले गेले. आमच्या संस्थेचं काम त्या मानाने चिमूटभर.

कागदाच्या काळात या कामाला एक रीत होती, ती काही अगदीच बावळट नव्हती. कागद हातावेगळा होतानाच त्यावर वर्ग पडायचा. 'अ' म्हणजे कायम, 'ब' म्हणजे ३० वर्षं, 'क' त्याहून कमी, 'ड' म्हणजे वर्षभर. कागद किती वेळा पाहिला जातो याच्याशी वर्गाचा संबंध नव्हता, तो कसला कागद आहे याच्याशी होता. आणि जे नष्ट केलं त्याची यादी व्हायची, तिच्यावर सही व्हायची, ती यादी जपली जायची. केंद्राचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा तर सांगतो, की १८९२ च्या आधीचा कागद अगदी खराब झालेला किंवा कशाच्याच उपयोगाचा उरला नसला तरच नष्ट करता येईल. संगणक आल्यावर ही रीत कुठे गेली कोण जाणे. पत्र लिहिणाऱ्याने कधी वर्ग लावला नाही, आणि वीस वर्षांनी वर्ग लावायला बसला तो आमचा हा मुलगा, ज्याचा त्या पत्रांशी संबंधच नाही.

असो. काय निघालं ते सांगते. एकोणसत्तरांतले चाळीसच्या वर फोल्डर खरोखर तण होतं. दिवाळीच्या शुभेच्छा, चालत आलेले विनोद, बेंचांची दरपत्रकं, २०११ च्या स्नेहसंमेलनाच्या नाचाची गाणी. व्यवस्थापनाला मी स्वतः लिहिलेली तीन भांडखोर पत्रंही निघाली. मुलाने हळूच वाचली आणि हसू दाबलं. ती मी 'ड' वर्गात टाकली. (भाषा मात्र चांगली होती.)

एक फोल्डर मी सगळ्यात आधी काढायला लावला, तोही चालू स्थितीतला, कारण मला तो पाहून घामच फुटला. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा. मुलांची आधार कार्डं, आयांच्या बँक पासबुकांची पहिली पानं, आणि संस्थेतल्या कोणालाही उघडता येईल असा. काम होऊन सहा वर्षं झालेली. तिथे मला कोणी 'राहू द्या, लागेल कधी' म्हणालं असतं तर मी भांडले असते. २०२३ च्या विदा संरक्षणाच्या कायद्याचंही हेच म्हणणं आहे, की काम संपलं, आणि दुसऱ्या कोणत्या कायद्याने ठेवायला सांगितलं नसेल, तर माहिती पुसा. म्हणजे जपणं आणि पुसणं दोन्हीकडे डोळे लागतात. तारखेच्या चाळणीतून हा फोल्डर सुखरूप नव्या घरी चालला होता, कारण कोणीतरी चुकून गेल्या वर्षी त्यात एक पत्र टाकलं होतं.

आणि मग तो एक फोल्डर. नाव अर्थातच गुंत्याचं. उलगडलं तेव्हा 'पाऊस' असं निघालं. मुलगा म्हणाला, कविता असतील बाई. आत दोनशे बारा पत्रं, सगळी आमच्या शाळेतल्या बड्या बाबूंनी स्वतःच स्वतःला पाठवलेली, २००८ ते २०१४. प्रत्येकाला एक कागद स्कॅन करून जोडलेला. मुलाने शाळा सोडली की दाखल-खारीज रजिस्टरातली त्याची नोंद शाळेला आपल्या अधिकारात बदलता येत नाही. नावात किंवा जन्मतारखेत चूक असली तर प्रस्ताव पाठवून शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणावी लागते. ती मंजुरीपत्रं होती. सत्तरच्या दशकापासूनची. विषयाच्या जागी विद्यार्थ्याचं नाव, रजिस्टरचा क्रमांक, वर्ष. पासपोर्टच्या वेळी, पेन्शनच्या वेळी 'रजिस्टरात खाडाखोड का' असं विचारलं की हाच कागद लागतो.

'पाऊस' का, ते मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना उमगलं. ती रेकॉर्डची खोली दर पावसाळ्यात गळायची. पत्रे बदला म्हणून बाबू दर वर्षी अर्ज द्यायचे आणि दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं. शेवटी त्या माणसाने कोणाला न सांगता, निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं, भिजण्याआधी एकेक कागद काचेवर ठेवून इथे आणून ठेवला. शाळेतल्या चौघांना दिसावा म्हणून सामायिक फोल्डरात. त्या चौघांत मीही होते. मी २००९ ला निवृत्त झाले. तो फोल्डर मी एकदाही उघडला नव्हता. बडे बाबू २०२१ च्या कोरोनात गेले. हरकत घ्यायला ते येणार नव्हते.

मुलाने मला संगणकवाल्यांची एक युक्ती सांगितली. शंका असेल ते पुसायचं नाही, नुसतं झाकून ठेवायचं आणि कोण बोंबलतं ते पाहायचं. युक्ती चांगली आहे, पण पंधरा दिवसांची नको. शाळेत प्रत्येक कागदाचा हंगाम वर्षातून एकदा येतो. मार्चमध्ये बोर्ड, जूनमध्ये दाखले, पावसाळ्यात शिष्यवृत्ती. म्हणून मी अट घातली की जुना संगणक पुढच्या जूनपर्यंत कुलूप लावून ठेवायचा, वाचता येईल पण बदलता येणार नाही असा. आणि जे मेले आहेत किंवा दुसरीकडे गेले आहेत ते बोंबलत नाहीत, त्यांच्या वतीने कोणीतरी जुनं माणूस आधी बसलंच पाहिजे. दुसरी अट, काढलेल्या प्रत्येक फोल्डरचं नाव, उलगडलेलं मराठी नाव, त्यात काय होतं ती एक ओळ आणि काढणाऱ्याची सही, अशी यादी कागदावर. तिसरी, जो फोल्डर नव्या घरी जाईल त्याला एक पालक. माणसाचं नाव नको, पदाचं. माणसं जातात.

तिसरी अट त्याच्याच अडचणीतून सुचली. नव्या सर्व्हरवर पत्रं जशीच्या तशी जातात, पण कोणी काय पाहावं याच्या परवानग्या बरोबर जात नाहीत, त्या नव्याने द्याव्या लागतात. 'पाऊस'च्या परवानगीत चार नावं होती. दोघं वारले, तिसरे ऑस्ट्रेलियात मुलीकडे, आणि चौथी मी. "तुमचंच ठेवू का, बाई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, अकोल्याच्या शाळेचे बडे बाबू, असं पद घाल. तर ते पदच आता रिकामं आहे. तात्पुरतं माझं राहिलंय.

कालपर्यंत बासष्ट झाले. सोमवारी पुन्हा जायचं आहे, सात राहिलेत. त्यातल्या एकाचं नाव उलगडल्यावर नुसतं 'बाई' असं निघालं. आत एकच पत्र आहे, श्रीलिपीतलं, आणि तो फॉन्ट अजून सापडलेला नाही. संस्थेत तेव्हा आम्ही सतरा बाया होतो. तुमच्यापैकी कोणाकडे जुनी सीडी पडून असेल तर सांगा.